पहिला माहितीपट करताना : वाचकांचे प्रश्न

सामाजिक विषयांवर माहितीपट करू पाहणाऱ्या तरुणांसाठी मुंबईत ज्या कार्यशाळा भरतात, त्यांचा साचा साधारण सारखाच असतो. काही दिवसांचे प्रशिक्षण होते, मग महिना-दीड महिन्यात पाच ते दहा मिनिटांचा माहितीपट पूर्ण करायचा असतो आणि तो त्याच उपक्रमाच्या स्पर्धेत उतरवायचा असतो. गेल्या अंकात या सदरात अशा कार्यशाळांविषयी लिहिले होते आणि वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्मी तरी कॅमेऱ्याविषयी होती. त्यांना एकत्र उत्तर दिले आहे. बाकीच्यांतली निवडक पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. कार्यशाळेसाठी आम्ही ‘मुंबईतील कचऱ्याची समस्या’ हा विषय दिला. मार्गदर्शकांनी तो फार मोठा आहे असे सांगून परत पाठवला. इतक्या महत्त्वाच्या विषयात लहान काय शोधायचे? (एक विद्यार्थिनी, मानखुर्द)

मार्गदर्शकांचे म्हणणे मला पटते. ते तुम्हांला नीट उलगडून सांगितले गेले नसावे, इतकेच. तुमचा विषय निबंधाचा आहे. दहा मिनिटांत त्यावर माहितीपट करायला गेलात तर कचऱ्याचे ढीग, त्यांवर घिरट्या घालणाऱ्या घारी, महापालिकेच्या एखाद्या अधिकाऱ्याची मुलाखत आणि शेवटी ‘आपण साऱ्यांनीच जबाबदारी ओळखायला हवी’ असे निवेदन, याखेरीज हाती फारसे काही लागणार नाही, आणि हा माहितीपट परीक्षकांनी वेगवेगळ्या नावांनी पुष्कळदा पाहिलेला असतो.

तुम्ही मानखुर्दला राहता, म्हणजे देवनारची कचराभूमी तुमच्या शेजारीच आहे. ती १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर तुम्ही शाळेत असताना पाहिलाही असेल. या एवढ्या मोठ्या पसाऱ्यातून एक माणूस, त्याचे एक काम आणि त्या कामातली एक अडचण निवडा. उदाहरणार्थ, कचरा वेचणारी एखादी बाई दिवसभराचा माल घेऊन भंगारवाल्याकडे जाते. तिथे काट्यावर बाटल्या, कडक प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा असे सगळे वेगवेगळे तोलले जाते. प्रत्येकाचा भाव निराळा असतो, पुठ्ठा ओला असेल तर वजन कापले जाते आणि आधी घेतलेली उचल असेल तर तीही त्याच हिशेबातून वळती होते. त्या काट्याजवळ शांतपणे बसून राहिलात, तर शहराच्या कचऱ्याचे अर्थकारण, त्यातले कर्ज आणि त्यातला माल देणाऱ्या-घेणाऱ्याचा वर्षानुवर्षांचा संबंध तुम्हांला एका जागी दिसेल. निवेदनाची गरजही कदाचित पडणार नाही.

दुसरे उदाहरण वरळीचे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून नावा सुखरूप नेता याव्यात म्हणून वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी खांबांमधले अंतर वाढवावे अशी मागणी लावून धरली आणि अखेर ते ६० मीटरऐवजी १२० मीटर करण्याचे मान्य झाले. ‘विकास की पर्यावरण’ या शीर्षकाखाली या प्रकरणावर पुष्कळ चर्चा झाली. परंतु वारा आडवा असताना साठ मीटरच्या फटीतून नाव काढताना काय होते, हे सुकाणू धरणारा तांडेलच दाखवू शकतो, आणि ते दाखवले की चर्चेचा उरलेला भाग प्रेक्षक स्वतः करून घेतो.

विषय निवडताना मी एकच कसोटी लावायला सांगते : जिथे तुम्हांला पुन्हा पुन्हा, विनासायास जाता येईल, तिथलाच विषय घ्या. कार्यशाळेतले अनेक गट दूरच्या पाड्यावर किंवा परजिल्ह्यात एकदाच जातात, दोन दिवसांत मिळेल ते चित्रित करतात आणि संकलनाला बसल्यावर काय राहून गेले ते त्यांच्या ध्यानात येते; तेव्हा परत जायला पैसेही नसतात आणि वेळही नसतो. शिवाय पहिल्या भेटीत माणसे कॅमेऱ्यासाठी बोलतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्यांना तुमचा विसर पडतो, ती आपापल्या कामाला लागतात आणि माहितीपट तिथे सुरू होतो. तुम्ही तिघी चालत जाऊ शकाल अशा अंतरावर राहता, ही तुमची खरी जमेची बाजू आहे. (डबेवाले, धोबीघाट आणि धारावीतला कुंभारवाडा हे विषय यंदा तरी कोणी घेऊ नयेत, अशी एक परीक्षक म्हणून माझी वैयक्तिक विनंती.)

प्रश्न : ताई, लहान वयात लग्न लावून दिलेल्या मुलींवर आमचा गट माहितीपट करत आहे. एका मुलीने मुलाखतीत, जवळच्या नातेवाइकाने तिच्यावर केलेल्या अत्याचाराविषयीही सांगितले. ती सतरा वर्षांची आहे. दाखवायला तिची तयारी आहे आणि तिच्या आईचीही आहे. चेहरा धूसर केला तर चालेल का? (एक विद्यार्थिनी, मालवणी)

चालणार नाही. आणि माहितीपटाच्या आधी तुमच्यावर दुसरी एक जबाबदारी येऊन पडली आहे, तिच्याविषयी प्रथम बोलू.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, त्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीवर असा अपराध झाल्याचे ज्याला कळले, त्याने ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. हे बंधन डॉक्टर-शिक्षकांपुरते नाही; ते कॅमेरा घेऊन गेलेल्या विद्यार्थिनीलाही लागू होते. आपण होऊन त्या नातेवाइकाला जाब विचारायला जाऊ नका, त्याने मुलीचीच स्थिती अवघड होईल. कार्यशाळेच्या संयोजकांशी किंवा महाविद्यालयातल्या विश्वासाच्या प्राध्यापकांशी आजच बोला, १०९८ या बालसहायता क्रमांकावर फोन करा आणि कोणी जाणते माणूस सोबत घेऊनच पुढचे पाऊल टाका. पुढे काय होईल याची कल्पना त्या मुलीला आधी द्या. ते चित्रीकरण पुसूनही टाकू नका आणि कोणाला दाखवूही नका. मार्गदर्शकांना पेनड्राइव्हवर देणे हेसुद्धा दाखवणेच आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. याच कायद्याच्या कलम २३ नुसार अशा मुलीचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर किंवा जिच्यामुळे ओळख पटू शकेल अशी कोणतीही बाब कोणत्याही माध्यमातून उघड करता येत नाही. मुलीच्या हिताचे आहे असे वाटल्यास परवानगी देण्याचा अधिकार विशेष न्यायालयाचा आहे. आईची सही त्या जागी चालत नाही. सज्ञान पीडितांच्या बाबतीतही भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने ओळख उघड करण्यावर बंदी घातली आहे, फक्त तिथे पीडितेला स्वतः लेखी अनुमती देता येते.

धूसर केलेल्या चेहऱ्याने ओळख लपते, हा समज कसा पसरला कोण जाणे. अनोळखी माणसापासून ती कदाचित लपत असेल. वस्तीतल्या माणसाला मात्र आवाज, बोलण्याची लकब, हातातल्या बांगड्या, मागचा निळा दरवाजा, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी यांतले एकही पुरते, आणि या मुलीला भीती असलीच तर ती वस्तीतल्याच माणसांची असणार. म्हणून ही मुलाखत माहितीपटात घेऊ नका. विषय सोडण्याचे कारण नाही. लग्नामुळे शाळा सुटलेल्या आणि आता सज्ञान असलेल्या स्त्रिया त्याच गल्लीत असतील, त्यांतल्या एखादीची दहा वर्षांपूर्वीची हकिगत तिच्याच तोंडून येऊ द्या.

उरलेल्यांच्या संमतीविषयीही थोडे सांगते, कारण कार्यशाळेत एक छापील फॉर्म देतात आणि त्यावर सही घेतली की काम संपले असे सर्वांना वाटते. फॉर्म इंग्रजीत असेल तर त्याचा उपयोग फक्त संयोजकांना होतो. तो समोरच्या माणसाच्या भाषेत करा, वाचून दाखवा, एक प्रत तिच्याजवळ ठेवा, त्यावर तुमचा फोन नंबर लिहा आणि कोणत्या तारखेपर्यंत तिला ‘माझा भाग काढून टाका’ असे सांगता येईल, तेही लिहा. माझ्या मते होकार तीनदा घ्यायचा असतो : चित्रीकरणाआधी, चित्रीकरणानंतर आणि कच्चे संकलन दाखवल्यावर. तिसऱ्या वेळी मिळणारा नकार सर्वांत महागात पडतो, आणि तो मान्य करण्याइतका वेळ वेळापत्रकात ठेवलेला नसला की गट माणसांची मनधरणी करू लागतात. तसे होऊ देऊ नका.

प्रश्न : माझ्याजवळ फक्त फोन आहे. स्पर्धेत कॅमेऱ्यावर चित्रित केलेल्या माहितीपटांपुढे तो टिकेल का? कोणता माइक घ्यावा, सेटिंग काय ठेवावे? (अशा आशयाची पत्रे घाटकोपर, विरार, ऐरोली, परळ येथून)

टिकेल. फोनवर केलेले माहितीपट चित्रामुळे क्वचितच मागे पडतात. ते मागे पडतात आवाजामुळे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, तेव्हा त्यांच्या यंत्रात आवाजाची सोयच नव्हती. तुमच्या यंत्रात ती आहे आणि नेमके तिकडेच दुर्लक्ष होते.

मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मुलाखत घ्यायची म्हणजे डोक्यावर पंखा, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, बाहेर नळावरची भांडी आणि पावसाळा असेल तर वरच्या पत्र्याचा मारा. पंखा बंद करता येतो, फ्रिज बंद करता येतो (परत चालू करायला विसरू नका, लोकांचे दूध नासते), कुकर कधी लागतो ते विचारून वेळ ठरवता येते; पत्र्यावरच्या पावसाचे मात्र काही करता येत नाही. कॉलर माइक छातीशी, तोंडापासून वीतभर अंतरावर लावा आणि मंगळसूत्र किंवा पदर त्यावर घासत नाही ना ते इअरफोन लावून ऐका. इअरफोन न लावता ध्वनिमुद्रण केले म्हणजे डोळे मिटून चित्रीकरण करण्यासारखेच आहे. मुलाखत संपल्यावर सर्वांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज मिनिटभर घ्या. संकलनात दोन वाक्ये जोडताना तो सांध्याखाली अंथरावा लागतो.

चित्राबाबत मोजके सांगते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (एक चित्र टिपण्याची वेळ) १/५० सेकंद ठेवले की ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही. बहुतेक फोन आपोआप ३० फ्रेमवर असतात आणि प्रकाशाप्रमाणे तो वेग थोडा कमी-जास्तही करतात. मग वेगळ्या यंत्रावर घेतलेला आवाज हळूहळू ओठांपासून सरकत जातो. हे सेटिंग हाती ठेवू देणारी विनामूल्य ॲप मिळतात. चित्रीकरण करताना फोन एअरप्लेन मोडवर टाका. फोर-के, म्हणजे अतिस्पष्ट चित्रीकरणाला पुष्कळ जागा लागते, त्यामुळे रोज रात्री ते दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा आणि दोन्ही डिस्क एकाच घरात ठेवू नका. संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तुम्हांला पुरून उरेल.

पैसे थोडेच असतील तर ते या क्रमाने खर्च करा : माइक, डिस्क, तिवई. लेन्स आणि गिंबल (हलताना फोन स्थिर ठेवणारा दांडा) यांच्यावाचून कोणाचेही अडलेले नाही.

प्रश्न : लोकलच्या महिला डब्यात भाजी निवडत, विणकाम करत प्रवास करणाऱ्या बायकांवर मला माहितीपट करायचा आहे. रोज सगळेच फोनवर व्हिडिओ काढतात, मग मला परवानगी कशाला? (एक वाचक, डोंबिवली)

रोजच्या प्रवासात काढलेला व्हिडिओ वेगळा आणि प्रदर्शनासाठी, गटाने, माइक-तिवई घेऊन केलेले चित्रीकरण वेगळे. रेल्वेच्या हद्दीत माहितीपटाचे चित्रीकरण करायचे असेल तर त्या रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची परवानगी लागते. डोंबिवलीसाठी ती मध्य रेल्वेची. अर्जासोबत संहितेचा सारांश, दिवस-वेळ आणि माणसांची संख्या द्यावी लागते, शुल्कही असते. कार्यशाळेचे किंवा महाविद्यालयाचे पत्र जोडा आणि पुरेसा वेळ हाती ठेवा. परवानगी मिळाली तरी डब्यातल्या प्रत्येकीने होकार दिला असे होत नाही. सकाळी सव्वाआठच्या गाडीत कोणाच्या तोंडासमोर फोन धरलात तर काय ऐकावे लागते, ते डोंबिवलीकरांना मी सांगायला नको.

मला वाटते, निम्मा माहितीपट डब्याबाहेरच आहे. निवडलेली भाजी घरी गेल्यावर किती मिनिटांत चुलीवर चढते, ती पिशवी कोण भरून देते, सुट्टीच्या दिवशी या मैत्रिणी भेटतात का, यांसाठी रेल्वेची परवानगी लागत नाही.

याच पत्रात ड्रोनविषयी विचारले आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या लहान ड्रोनला काही सवलती असल्या, तरी विमानतळ, नौदल, माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र यांच्यामुळे या शहराचा मोठा भाग निर्बंधांखाली येतो, शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढत असतात. ड्रोन सोडून द्या. पुनर्वसनाच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून, सोसायटीच्या सचिवांना विचारून, तेच दृश्य मिळते.

प्रश्न : आजोबा गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपावर मी माहितीपट करतो आहे. जुनी छायाचित्रे, बातम्यांची चित्रफीत आणि शाहिरांची गाणी वापरता येतील का? जे उपलब्ध नाही ते एआयने तयार करावे असे मित्र सुचवतो. (एक वाचक, लालबाग)

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते; त्यामुळे दृश्य साहित्य पुष्कळ आहे, पण त्यातले फुकट फारच थोडे आहे. छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, म्हणजे संपाच्या काळातली सर्व छायाचित्रे आजही संरक्षित आहेत. ती इंटरनेटवर सापडली म्हणून मोकळी होत नाहीत. वृत्तपत्राच्या संग्रहालयात जाऊन विद्यार्थी म्हणून लेखी विनंती केली तर सवलत मिळू शकते. ती पत्रे मराठीत आणि नम्रपणे लिहा.

गाण्यांचेही असेच. अण्णाभाऊ साठे यांची शाहिरी सर्वांच्या तोंडी असल्यामुळे ती सार्वजनिक आहे असे अनेकांना वाटते; त्यांचे निधन १९६९ मध्ये झाले, त्यामुळे कायद्याने मुदत २०२९ अखेरपर्यंत चालते. नारायण सुर्वे यांच्या कवितांबाबत ती २०७० अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रिकेचा हक्क त्याहून वेगळा असतो आणि तो बहुधा कंपनीकडे असतो. परंपरेने आलेली ओवी किंवा भजन कोणाच्या मालकीचे नसते, पण ते तुमच्यासाठी गाणाऱ्या मावशींची परवानगी लागते आणि त्यांचे नाव श्रेयनामावलीत यायला हवे.

एआयविषयी माझे मत स्पष्ट आहे. न घडलेल्या मोर्चाचे खरे भासणारे दृश्य तयार करून ते संपाच्या दृश्यांमध्ये मिसळले, तर तुमच्या माहितीपटातल्या खऱ्या दृश्यांवरचाही विश्वास जातो, आणि पुढे कोणीतरी तेच दृश्य पुरावा म्हणून फिरवील. पडद्यावर ठळकपणे लिहून वापरले तर मी हरकत घेणार नाही, मात्र शिफारसही करणार नाही. जे उपलब्ध नाही त्याची जागा रिकामी दाखवा. तुमच्या घरात आजोबांचे हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती, घरासाठी केलेल्या अर्जाची प्रत असे काही नक्की सापडेल. एखादी पगाराची चिठ्ठी पडद्यावर पूर्ण वाचता येईल इतका वेळ ठेवा आणि आजीला ती मोठ्याने वाचायला सांगा. त्यातली कोणती कपात कशाची, हे समजावताना ती जे बोलेल, ते कोणत्याही संग्रहालयात मिळणार नाही.

प्रश्न : माहितीपटात आकडेवारी किती असावी? आमचा विषय गटारे आणि मलवाहिन्या साफ करणारे कंत्राटी कामगार हा आहे. (एक वाचक, भांडुप)

प्रेक्षकाच्या लक्षात राहील इतकीच, म्हणजे एखाद-दुसरी. तुमच्या विषयात हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा आणि मलवाहिनीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत हा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा निर्णय, या दोन गोष्टी पुरेशा आहेत. त्या निवेदनात न घालता, ज्या घरापर्यंत ते पैसे पोहोचले किंवा पोहोचले नाहीत, त्या घरातल्या माणसाकडून येऊ द्या.

तुमच्या विभागापुरता आकडा हवा असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. म्हणून तो कार्यशाळेच्या पहिल्याच दिवशी टाकायचा. चित्रीकरण संपल्यावर सुचलेल्या अर्जाचे उत्तर स्पर्धेच्या निकालानंतर येते.

प्रश्न : गेल्या वर्षी एका स्पर्धेत माझ्या माहितीपटाला काहीच मिळाले नाही. ज्याला पहिले पारितोषिक मिळाले, त्यात रडणारी मुले, संथ गती आणि बासरी एवढेच होते. परीक्षकांना फक्त दुःखच लागते का? (एक वाचक, ठाणे)

तुमची तक्रार पूर्णपणे चुकीची आहे असे म्हणणार नाही. परीक्षकही थकतात. दिवसभरात तीस-चाळीस प्रवेशिका पाहिल्यावर जे चटकन भिडते, त्याला गुण जातात, आणि रडणाऱ्या चेहऱ्याइतके चटकन दुसरे काही भिडत नाही. ज्या मंडळात माहितीपट करणारा एकही माणूस नसतो, तिथे हे अधिक होते. स्पर्धा निवडताना परीक्षक कोण आहेत ते पाहावे आणि मागील वर्षी निवडले गेलेले माहितीपट शक्य असल्यास पाहून घ्यावेत.

तरीही, तुम्ही पत्रासोबत पाठवलेला माहितीपट मी पाहिला आणि माझे प्रामाणिक मत असे आहे की, तुम्ही दुःख टाळलेत ते योग्यच केलेत, पण त्या जागी मते आणलीत. नऊ मिनिटांत पाच तज्ज्ञ बोलतात. ज्या फेरीवाल्यांविषयी ते बोलतात, त्यांपैकी एकाचेही सलग वाक्य ऐकू येत नाही. केवळ सहाव्या मिनिटाला एक बाई, पालिकेची गाडी आल्याची चाहूल लागताच चादरीची चार टोके एका हातात गोळा करून सगळा माल खांद्यावर घेते आणि शेजारणीचाही गल्ला उचलते. हे दृश्य तुम्ही चार सेकंदांत कापले आणि त्यावर तज्ज्ञाचा आवाज ठेवला. मला ते पूर्ण पाहायचे होते. ती परत येऊन चादर पुन्हा पसरते का, शेजारणीचा गल्ला तिला मोजून परत देते का, हे तुमच्या मूळ चित्रीकरणात असेल, तर त्यावरून नव्याने संकलन करा. बासरी घालू नका, एवढे तुम्हांला सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि या कार्यशाळेनंतर माहितीपटच करणार असे म्हणतो. यात पोट भरते का? (एक पालक, कल्याण)

माहितीपट करून क्वचित. संकलन आणि ध्वनिमुद्रण येत असेल तर बऱ्यापैकी. शेवटचे वर्ष त्याने पूर्ण करावे. त्यानंतरही ओढ टिकली तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील संकलन किंवा ध्वनी हे अभ्यासक्रम आणि देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील माध्यमविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रम यांची चौकशी करावी. दोन्हीकडे प्रवेशपरीक्षेत अभियंत्यांना मज्जाव नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. वयोमर्यादेमुळे मला अशा कार्यशाळेत घेत नाहीत. (एक वाचक, दादर)

स्पर्धेत घेत नसतील, गटात घेतात. विद्यार्थ्यांना मुलाखती उतरवून काढणारे आणि उपशीर्षके तपासणारे माणूस हवे असते. आगरी किंवा कोळी बोलीतले बोलणे प्रमाण मराठीत ‘सुधारून’ न घेता तसेच लिहून काढण्याचे काम तुमच्याइतके नीट कोण करील? उपशीर्षकाच्या मात्र दोनच ओळी ठेवायला लावा, आणि त्या वाचून होतील इतका वेळ पडद्यावर राहतील हे पाहा.

प्रश्न : स्पर्धा झाली, प्रमाणपत्र मिळाले. आता माहितीपटाचे काय करायचे? यूट्यूबवर टाकू का? (एक विद्यार्थी, कुर्ला)

घाई करू नका. अनेक महोत्सव आधीच सर्वांसाठी ऑनलाइन ठेवलेली कलाकृती घेत नाहीत, त्यामुळे कोठे पाठवायचे ते ठरवल्यावरच यूट्यूबचा विचार करा. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनपट यांच्यासाठी भरतो आणि पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजनच्या, म्हणजे २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या वास्तूत तुम्ही प्रेक्षक म्हणूनही जाऊ शकता. चित्रपटगृहात सार्वजनिक प्रदर्शन करायचे असेल तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना केंद्र सरकारकडून त्यातून सूट घेता येते आणि ती आयोजकांनी घ्यायची असते.

त्याआधी तो ज्यांच्यावर केला त्यांना दाखवा. चाळीच्या पटांगणात, समाजमंदिरात, गणपतीच्या मंडपात, जिथे ते येऊ शकतील तिथे आणि त्यांना कामावरून परतल्यावर सवड असेल त्या वेळी. लोक मध्येच हसतील, एकमेकांना हाका मारतील आणि तुम्ही मोठ्या कष्टाने साधलेल्या शांत जागी कोणीतरी खुर्ची ओढील. नंतर ‘हे असे नाही, तसे आहे’ असे कोणी सांगितले तर लिहून घ्या, कारण स्पर्धेची मुदत संपली तरी माहितीपट संपलाच पाहिजे असे नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगरात जुलै १९९७ मध्ये झालेल्या गोळीबारानंतर आनंद पटवर्धन यांनी सुरू केलेला ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पूर्ण झाला.

शेवटी, तुम्ही पाठवलेल्या प्रवेशपत्राच्या सातव्या अटीविषयी. ‘प्रवेशिकेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असे तिथे लिहिले आहे आणि तुम्ही त्याखाली सही केलेली आहे. आयोजकांना पत्र लिहून, प्रशिक्षण आणि प्रचारासाठी माहितीपट दाखवण्याची विनाशुल्क अनुमती देत आहे, मात्र मालकी व मूळ चित्रीकरण माझ्याकडे राहील, असा लेखी बदल मागून घ्या. बहुतेक आयोजक तो देतात. ती अट कोणीतरी जुन्या अर्जावरून उतरवलेली असते. बदल मिळेपर्यंत मूळ चित्रीकरणाची डिस्क त्यांच्या हवाली करू नका, आणि ज्यांच्या मुलाखती तीत आहेत त्यांनाही या अटीविषयी सांगा, कारण त्यांनी होकार तुम्हांला दिला होता.